रोमन तांब्या-पितळेचं नाणं वाचायचं कसं: आधी हात बघा

रोमन नाणं हाती आलं की बहुतेक जण आधी सम्राटाचा चेहरा बघतात. मी नाणं उलटं करते आणि पाठीवरच्या आकृतीच्या हातात काय आहे ते बघते. मी चित्रकला शिकवते, त्यामुळे ही सवय आपसूक लागली असेल. पण रोमच्या टांकसाळीत ठसे कोरणारे कारागीरही याच हिशेबाने काम करत होते. मोठ्यात मोठ्या नाण्यावरसुद्धा उभ्या देवीचं तोंड जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं भरतं. एवढ्याशा जागेत भाव काय दाखवणार? म्हणून त्यांनी प्रत्येकीची ओळख तिच्या हातात दिली. चेहरे झिजून सपाट झाले तरी तराजू तराजूच दिसतो आणि सुकाणू सुकाणूच.

सोन्या-चांदीची नाणी देखणी असतात, मान्य. तरी मी तांब्या-पितळेचीच नाणी अभ्यासते. सोनं आणि चांदी सैनिकांच्या पगारात आणि धनिकांच्या पेटीत जायची. सार्वजनिक स्नानगृहात शिरायला मात्र क्वाड्रान्स हे तांब्याचं चिमुकलं नाणं पुरायचं. धान्य आलं, कर उठला, बंदर बांधून झालं, असं जे जे सामान्य माणसाला सांगायचं होतं ते या हलक्या धातूवर छापलं गेलं. त्यामुळे ही नाणी वाचताना एकच प्रश्न सतत मनात ठेवा: हे चित्र कुणाला दाखवायचं होतं, आणि नेमकं तेव्हाच का?

धातू आणि वजन

कांस्य नाणी असं आपण सरसकट म्हणतो, पण पहिला सम्राट ऑगस्टस याने इ.स.पू. २३ च्या सुमारास जी व्यवस्था लावली तिच्यात दोन धातू होते. सेस्टर्शियस आणि ड्युपॉन्डियस पितळेचे, म्हणजे तांबं आणि जस्त मिसळलेले. आस आणि क्वाड्रान्स तांब्याचे. सेस्टर्शियस सुमारे २५ ग्रॅमचा, तळव्यावर ठेवला की भार जाणवतो. चार आस म्हणजे एक सेस्टर्शियस, दोन आस म्हणजे एक ड्युपॉन्डियस, आणि चार सेस्टर्शियस म्हणजे चांदीचा एक दिनारियस.

गोंधळ होतो तो आस आणि ड्युपॉन्डियसमध्ये, कारण दोघांचा आकार जवळपास सारखा. नवं असताना एक लाल आणि एक पिवळं, पण दोन हजार वर्षांच्या हिरव्या-काळ्या थराखाली रंग कसा कळणार? नाक, कान, कपाळ अशा उंचवट्यांवर थर झिजलेला असतो, तिथे भिंगाने बघा. शिवाय नीरोच्या काळापासून ड्युपॉन्डियसवर सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट दाखवायची पद्धत पडली. किरण दिसले तर ड्युपॉन्डियस, पानांचा हार दिसला तर आस. याला अपवाद आहेत: वारल्यावर देव ठरवलेल्या ऑगस्टसला नीरोच्या आधीही किरण मिळाले आहेत, आणि राण्यांच्या नाण्यांवर किरण नसतातच, तिथे रंग आणि वजनावरच भिस्त ठेवावी लागते.

सम्राटांच्या आधीची, प्रजासत्ताकाची नाणी ओळखायला सगळ्यात सोपी. पाठीवर जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, आणि पुढच्या बाजूला ठरलेलं दैवत. आसवर दोन तोंडांचा जानस, मग आसच्या लहान भागांपैकी सेमिसवर सॅटर्न, ट्रिएन्सवर मिनर्व्हा, क्वाड्रान्सवर हर्क्युलिस, सेक्स्टान्सवर मर्क्युरी, उन्सियावर रोमा. चेहरा नाही ओळखता आला तरी अडत नाही, ठिपके मोजा: चार असले तर ट्रिएन्स, तीन म्हणजे क्वाड्रान्स, दोन म्हणजे सेक्स्टान्स, एक म्हणजे उन्सिया. आपण छापा-काटा करतो तशी रोमन पोरं ‘डोकं की जहाज’ म्हणत नाणं उडवायची. जहाजाची छाप नाण्यांवरून गेल्यावरही हा खेळ त्याच नावाने चालू होता.

एक दिवा, एक पेन्सिल

झिजलेलं नाणं समोरून भरपूर उजेडात धरलं तर काहीच दिसत नाही. खोलीतले बाकी दिवे बंद करा. एकच दिवा डाव्या बाजूला, टेबलाच्या पातळीपासून थोडाच वर ठेवा, म्हणजे उजेड नाण्यावरून घसरत जाईल. मग दिवा न हलवता नाणं सावकाश फिरवा. एका कोनात जे सपाट वाटतं ते दुसऱ्या कोनात सावली टाकतं, आणि अचानक एखादं अक्षर किंवा बोटं वर येतात. नाणं कायम कडेने धरा, दोन्ही बाजूंना बोटं लागू देऊ नका.

यानंतर मी कागदावर तळहाताएवढं वर्तुळ काढून त्यात फक्त दिसतं तेवढं रेखाटते. ‘फक्त दिसतं तेवढं’ हा नियम काटेकोर पाळा. देवीचा उजवा हात कोपरापर्यंतच दिसत असेल तर कोपरापर्यंतच काढा आणि पुढे ठिपक्यांची रेघ सोडा. मन तिथे लगेच काहीतरी बसवायला बघतं, आणि एकदा बसवलं की पुढचं सगळं वाचन त्याच दिशेला ओढलं जातं. रेखाटताना हात कुठे संपतो, वस्त्राची चुणी कुठे सुरू होते हे ठरवावंच लागतं, म्हणून हे नुसतं बघत बसण्यापेक्षा कामाचं. फोटो काढावा, पण रेखाटनाच्या जोडीला.

हातातल्या वस्तू

पाठीवरची आकृती बहुधा बाई असते, आणि बहुतेक वेळा ती म्हणजे एखादा गुण किंवा अवस्था असते: शांती, आशा, निष्ठा, सुबत्ता. रोमन लोक या सगळ्यांना देवी मानून त्यांतल्या अनेकींची देवळं बांधत, वेदीवर आहुती देत.

ऑलिव्हची डहाळी असेल तर ती पाक्स, म्हणजे शांती. कधी कधी हीच पाक्स मशाल खाली करून शस्त्रांच्या ढिगाला आग लावताना दिसते. डहाळीवाली शांत बाई आणि मशालवाली बाई एकच, हे एकदा लक्षात आलं की रोमन शांततेची कल्पनाही लक्षात येते: आधी जिंकायचं, मग शस्त्रं जाळायची.

सुकाणू आणि फळाफुलांनी भरलेलं शिंग असेल तर फॉर्च्युना. सुकाणू पुष्कळदा गोलावर टेकवलेलं असतं, म्हणजे जगाची दिशा तिच्या हाती. हातात कणसं, पायाशी धान्य मोजायचं माप, मागे जहाजाची नाळ असेल तर ती आनोना, रोमचा धान्यपुरवठा. इजिप्त आणि आफ्रिकेतून गलबतं आली तरच रोम जेवत असे, त्यामुळे आनोनाचं नाणं ही पोटाला दिलेली ग्वाही होती. सापाला वाटीतून भरवणारी ती सालुस, आरोग्य. दोन लष्करी निशाणं किंवा कणसं आणि फळांची परडी घेतलेली ती फिडेस, निष्ठा. दोन साप गुंडाळलेला दंड धरलेली फेलिसिटास. तोंडावर पदर ओढू पाहणारी पुडिसिटिया, राण्यांच्या नाण्यांवरची आवडती. मुलांना कडेवर आणि पायाशी घेतलेली फेकुंडिटास, मार्कस ऑरेलियसची राणी धाकटी फॉस्टिना हिच्या नाण्यांवर हमखास भेटणारी.

स्पेस, म्हणजे आशा, माझी सगळ्यात लाडकी. एका हातात उमलती कळी, दुसऱ्या हाताने वस्त्राचा काठ जरासा उचललेला, पाऊल पुढे टाकण्याच्या बेतात. क्लॉडियसच्या सेस्टर्शियसवर ती पहिल्यांदा ठळकपणे येते. तिचा ताठ पवित्रा आणि सरळ चुण्या जुन्या ग्रीक पुतळ्यांच्या घडणीच्या आहेत, बाजूच्या मऊ, वळणदार देवींपेक्षा अगदी वेगळ्या. कारागिराने मुद्दाम जुनी शैली निवडली. अगदी झिजलेल्या नाण्यावरही तो उचललेला काठ ओळखू येतो.

तराजू दिसला की जरा थांबा. तराजू आणि भरलं शिंग एक्विटासकडेही असतं आणि मोनेटाकडेही. पहिली न्याय्य व्यवहाराची, दुसरी टांकसाळीची. इथे चित्रावरून निकाल लागत नाही, लेखातलं, म्हणजे कडेने छापलेल्या अक्षरांतलं, नाव शोधावंच लागतं.

हातात टोपी असेल तर तिच्याकडे नीट बघा. ती टोपी म्हणजे पिलेउस, गुलामाला मुक्त केल्यावर त्याने घालायची. नीरो मेल्यावर इ.स. ६८ मध्ये त्याच्यानंतरच्या सम्राट गाल्बाने लिबर्टास, म्हणजे स्वातंत्र्यदेवी, हीच टोपी हातात देऊन छापली. सगळं रोम काल गुलाम होतं आणि आज सुटलं, एवढं त्या एका टोपीत आलं.

प्रांतांच्याही बाया असतात. सम्राट हेड्रियन साम्राज्यभर हिंडला आणि कारकिर्दीच्या अखेरीस त्याने प्रांतांची मालिकाच काढली. हिस्पानियाच्या जवळ ससा, आफ्रिकेच्या डोक्यावर हत्तीच्या कातड्याचं शिरस्त्राण, इजिप्तच्या हातात सिस्ट्रम हे खुळखुळ्यासारखं वाद्य आणि समोर आयबिस पक्षी.

हाताला टेकलेलं डोकं

एका मुद्रेवर जास्त वेळ द्या: बसलेली बाई, डोकं हातावर टेकलेलं. ही मुद्रा दोन अगदी उलट गोष्टी सांगते.

सम्राट व्हेस्पेशियनच्या ‘ज्युडिया कॅप्टा’ (ज्युडिया जिंकली) सेस्टर्शियसवर खजुराच्या झाडाखाली ती बसली आहे. यहुदी बंड मोडून जेरुसलेम पडलं, त्या पराभूत देशाचा हा शोक. माझ्या टेबलावर ट्रेजनचा एक झिजलेला सेस्टर्शियस आहे, त्यावर डाकिया, आजचा रोमानियाचा भाग, तशीच बसली आहे. खाली ढालींचा ढीग, समोर विजयस्तंभ, आणि गाल हाताच्या तळव्यात. अँटोनायनस पायसच्या इ.स. १५४-५५ च्या आसवर ब्रिटानिया खडकावर बसली आहे, डोकं असंच झुकलेलं. हे आस मुख्यतः ब्रिटनमध्येच सापडतात, आणि छपाई बरीच ओबडधोबड असते. म्हणजे ज्यांना हरवलं त्यांच्याच बाजारात ही बाई फिरत होती.

आता नीरोचा ड्युपॉन्डियस घ्या. तिथेही बाई बसलेली, डोकं हातावर. पण ही सेक्युरिटास, निर्धास्तपणा. ती रडत नाही, निवांत रेलली आहे. दोघींमधला फरक बसायच्या जागेत आणि पाठीत दिसतो. शोक करणारी जमिनीवर, खडकावर किंवा शस्त्रांवर बसते, तिची पाठ पुढे वाकलेली असते, कोपर गुडघ्यावर येतं. सेक्युरिटास सिंहासनावर बसते, कोपर सिंहासनाच्या पाठीवर टाकते, समोर वेदी असते. चेहरा पूर्ण गेला असला तरी खाली काय आहे आणि कोपर कुठे टेकलंय ते शोधा, उत्तर तिथेच आहे. वर्गात मी मुलांना दोन्ही रेखाटनं नावं झाकून दाखवते. मणक्याची रेघ बघणारी मुलं बरोबर सांगतात.

लेख

अक्षरं बहुधा खाली डावीकडून सुरू होतात आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात. शब्दांमध्ये जागा सोडलेली असेलच असं नाही. व्ही हे अक्षर व्ही आणि यू या दोन्हींसाठी येतं.

माझ्या त्या ट्रेजनवर असं आहे: इम्प केस नर्व्हे ट्रायानो ऑग जेर डॅक पी एम टी आर पी कॉस व्ही पी पी. एकेक सोडवा. इम्पेराटोर, सीझर, नर्व्हा ट्रेजन, ऑगस्टस. जेर आणि डॅक म्हणजे जर्मन आणि डाकियन लोकांना जिंकलेला. पी एम म्हणजे प्रमुख पुरोहित. टी आर पी म्हणजे लोकप्रतिनिधी ट्रिब्यूनचे अधिकार असलेला. कॉस व्ही म्हणजे पाचव्यांदा कॉन्सल, रोमचं वर्षभराचं सर्वोच्च पद. शेवटचे दोन पी म्हणजे राष्ट्रपिता. पाठीवर एस पी क्यू आर ऑप्टिमो प्रिन्सिपी: सेनेट आणि रोमन जनता, सर्वोत्तम प्रमुखाला. पुढच्या बाजूचं ‘ट्रेजनला’ आणि पाठीवरचं ‘प्रमुखाला’ मिळून एकच अर्पणाचं वाक्य होतं, त्यामुळे दोन्ही बाजू सलग वाचा.

साल काढायचं ते कॉसच्या आकड्यावरून. ट्रेजन पाचव्यांदा कॉन्सल झाला १०३ मध्ये आणि सहाव्यांदा ११२ मध्ये. म्हणजे हे नाणं १०३ ते १११ मधलं. टी आर पी नंतर आकडा असेल तर आणखी सोनं, कारण ते अधिकार दर वर्षी नव्याने मोजले जात आणि साल जवळजवळ पक्कं मिळतं.

आकृतीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत किंवा खाली मोठ्ठे एस आणि सी असतील तर तो सेनेटच्या ठरावाचा उल्लेख. पहिल्या दोन शतकांत रोमच्या तांब्या-पितळेवर तो जवळपास सगळीकडे असतो, सोन्या-चांदीवर सहसा नसतो.

लेख पार गेला असेल तर केस आणि दाढी बघा. हेड्रियनच्या आधीचे सम्राट बहुतेक गुळगुळीत चेहऱ्याचे, त्याच्यापासून दाढी रूढ झाली. राण्यांमध्ये थोरल्या फॉस्टिनाचा अंबाडा माथ्यावर असतो, ज्युलिया डोम्नाचे केस जाड लाटांत कानांवरून खाली येतात. एवढ्यावर पन्नास वर्षांच्या आत पोचता येतं.

याच वर्षी का?

साल कळलं की चित्र बोलायला लागतं. नर्व्हाच्या इ.स. ९७ च्या एका सेस्टर्शियसवर दोन खेचरं मोकळी चरताहेत, मागे गाडी जू वर करून ठेवलेली. एवढीशी, साधी खेचरं नाण्यावर कशाला? सरकारी टपालाची जनावरं आणि गाड्या पुरवायचा भार इटलीतल्या गावांवर होता, तो नर्व्हाने उचलला, आणि लेखातही तेच लिहिलं आहे. ज्याच्या दारातून खेचर ओढून नेलं जायचं, त्याला हे चित्र वाचायला अक्षरं लागत नव्हती.

कॅलिगुलाच्या ३९ ते ४१ च्या क्वाड्रान्सवर सम्राटाचा चेहराच नाही. एका बाजूला ती मुक्तीची टोपी, दुसऱ्या बाजूला आर सी सी ही तीन अक्षरं: अर्ध्या टक्क्याचा विक्रीकर माफ. तीन ग्रॅमच्या तांब्यावर कराची माफी आणि स्वातंत्र्याची टोपी एकत्र. सगळ्या रोमन नाण्यांत मला हे सगळ्यात हुशार वाटतं.

नीरोने जानसच्या देवळाची दारं बंद झालेली छापली, भोवती लेख: जमिनीवर आणि समुद्रावर शांतता आणून दार मिटलं. ते देऊळ आज उरलेलं नाही. ते दिसायचं कसं हे आपल्याला मुख्यतः या नाण्यांवरूनच कळतं, जाळीची खिडकी आणि दारावरचा हार यांसकट.

चौथ्या शतकातली छोटी नाणी

तिसऱ्या शतकातल्या महागाईत सेस्टर्शियस संपला. इ.स. २९४ च्या सुमारास डायोक्लिशियनने नवं मोठं नाणं काढलं, तेही काही दशकांत आक्रसत गेलं. या काळात चित्रं थोडी आणि टांकसाळी अनेक, म्हणून इथे नजर हातांवरून खाली, पायांखालच्या रेषेच्या खालच्या अक्षरांकडे न्या. टी आर म्हणजे ट्रियर, पी एल एन म्हणजे लंडन, एस आय एस म्हणजे सिसिया, एस एम के म्हणजे सायझिकस, एस एम ए एन म्हणजे अँटिऑक. सोबत टांकसाळीतल्या विभागाचं अक्षर असतं: पूर्वेकडे ग्रीक आकड्यांची, पश्चिमेकडे पी, एस, टी अशी. कॉन्सनंतर ग्रीक अक्षर असेल तर कॉन्स्टँटिनोपल, पण आधी पी किंवा एस आणि मग कॉन्स्ट असेल तर ते फ्रान्समधलं आर्ल, कारण त्या शहराचं नाव तेव्हा कॉन्स्टँटिना ठेवलं होतं.

दोन सैनिकांमध्ये दोन निशाणं असतील तर ३३० ते ३३५, एकच निशाण असेल तर त्यानंतरचं. भाल्याने घोडेस्वाराला लोळवणारा सैनिक दिसला तर ३४८ नंतरचं. पडणारा स्वार घोड्याच्या मानेला बिलगतो, की मागे वळून हात वर करतो, की जमिनीवर बसतो, हे नोंदवा.

नंतर ठोकलेल्या खुणा

चित्राच्या मधोमध एखादा छोटा चौकोनी ठसा दिसला तर तो दोष समजू नका. ऑगस्टसच्या काही आसवर व्ही ए आर अशी खूण ठोकलेली आहे: जर्मनीचा सेनापती व्हारुसची. इ.स. ९ मध्ये त्याच्या तीन लीजन, म्हणजे सैन्याच्या मोठ्या तुकड्या, जंगलात कापल्या गेल्या आणि त्याने आत्महत्या केली. जर्मनीत काल्करीझ इथे अशी नाणी सापडली आणि ती त्या लढाईची जागा शोधायला उपयोगी पडली. फ्रान्समधल्या नीमच्या नाण्यांवर ताडाला बांधलेली मगर आहे, इजिप्त जिंकल्याची खूण, आणि ती पुष्कळदा बरोबर अर्धी कापलेली मिळतात, सुट्या पैशांसाठी.

हात खरे आहेत ना?

शेवटी एक तपासणी करावीच लागते, कारण सगळं वाचन हातांवर उभं आहे आणि नेमके हातच लोक नव्याने कोरतात. झिजलेल्या सेस्टर्शियसवर सुईने चुण्या, बोटं, वस्तू उकरून काढायचा धंदा जुना आहे. अक्षरं सपाट आणि वस्त्र मात्र धारदार असेल, रेघांच्या तळाशी थराचा रंग वेगळा असेल, आकृतीभोवतीचा भाग अनैसर्गिक गुळगुळीत असेल, तर त्या हातातल्या वस्तूवर विश्वास ठेवू नका. कडेवर सलग शिवण दिसली तर नाणं ओतलेलं. सोळाव्या शतकात पादुआच्या जोव्हान्नी दा काविनोने रोमन सेस्टर्शियसांच्या इतक्या सुरेख प्रतिकृती केल्या की त्या आज स्वतंत्रपणे जमवल्या जातात. त्यांची अक्षरं अस्सल रोमन अक्षरांपेक्षा फार एकसारखी असतात.

घट्ट, तुळतुळीत हिरवा किंवा तपकिरी थर नाण्याचं रक्षण करतो, तो काढू नका. लिंबू, व्हिनेगर, तारेचा ब्रश यांनी थराबरोबर बोटंही जातात. माती असेल तर ऊर्ध्वपातित पाण्यात भिजत ठेवा आणि लाकडी काडीने सोडवा. पण फिकट हिरवी भुकटी दिसली आणि झटकल्यावर पुन्हा आली, तर तो क्लोराइडमुळे होणारा कांस्यरोग. ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं करून सिलिका जेलच्या पुडीबरोबर बंद डबीत ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

स्वतःकडे नाणं नसेल तरी अडत नाही. ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर हजारो रोमन नाण्यांचे मोठे फोटो आहेत. त्यातला नर्व्हाचा खेचरांचा सेस्टर्शियस काढा, मजकूर झाका, आणि पेन्सिल घेऊन गाडीच्या दांड्यांपासून सुरुवात करा.